रेघेवरची युनिटं

विजेचं बिल वाचायचा मान आमच्या घरात माझा होता. मान हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. बिल इंग्रजीत यायचं, पातळ पिवळट कागदावर, आणि कार्बनचे निळे आकडे निम्मे पुसट असायचे. माझे वडील, आबा, शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर तोलाईचं काम करायचे. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, नुसता हात ठेवून ते वजन सांगायचे आणि काटा मागून येऊन तेच सांगायचा. पण इंग्रजी आकडा दिसला की ते माझ्याकडे बघायचे. मग मी पाटावर मांडी घालायचो, कागद उजेडाकडे धरायचो, उगीच थोडा वेळ लावायचो आणि सांगायचो. आई चुलीपुढून मान वळवून ऐकायची. आबा "आस्सं" म्हणायचे आणि खिशातून कागदात बांधून आणलेला नवा गूळ काढून त्यातला पहिला तुकडा मला द्यायचे. त्या गुळाला अजून गुऱ्हाळातल्या काहिलीखालच्या धुराचा वास असायचा. आजही मला वाटतं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड गोष्ट तो गूळ नव्हता, तो पहिला तुकडा मिळणं ही होती.

शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा, दार सरळ बोळात उघडणारं. समोर तालीम. पहाटे तिथल्या जोर-बैठकांचे हुंकार ऐकू यायचे आणि आमच्या घरातला पहिला आवाज म्हणजे आबांचा खोकला आणि दुसरा आईच्या पाट्यावरच्या वरवंट्याचा. दारावर लाकडी फळीवर मीटर होतं. बाकी सगळं शांत झालं की त्याची बारीक गुणगुण यायची. घरात तीन दिवे, एक रेडिओ आणि आईच्या भावाने दिलेली एक इस्त्री. ती इस्त्री फक्त रविवारी, आबांच्या पांढऱ्या शर्टासाठी निघायची. बाकीचे सहा दिवस ती ट्रंकेवर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली असायची.

त्या घरात सुमाक्का आली. सुमाक्का म्हणजे माझी आतेबहीण, आत्याची थोरली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. कोडोलीच्या शेतकरी घरातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि त्यासाठी कोल्हापुरात राहून शिकायचं होतं. तिच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. पण पोरगी सख्ख्या मामाच्या घरी राहील, या एका गोष्टीवर आत्याने त्यांना कसंबसं तयार केलं होतं. मामाचं घर सुटलं की शिक्षण सुटलं, हे तिला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं, तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं.

ती आली ती एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि लोणच्याची बरणी घेऊन. दारातच तिने मान वर करून मीटरकडे बघितलं. "मामा, हे किती पळतंय हो?" आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी येतो, मी बघतो' असंच बोलतात, तशीच तीही बोलायची. "थांबा, मी बघतो" म्हणत ती स्टुलावर चढली आणि आकडा मोठ्याने वाचला. मी पाटावरून ओरडलो, "शेवटचा ऱ्हायला!" कारण मी गेली तीन वर्षं शेवटच्या तांबड्या चौकटीतला आकडाही धरून वाचत आलो होतो, आणि मीटरवरचं आणि बिलातलं का जुळत नाही असं आबांनी विचारलं की "आफिसवाले घोळ घालत्यात" असं सांगत आलो होतो.

"त्यो तांबडा धरायचा न्हाई रे दिन्या," ती स्टुलावरूनच म्हणाली. "त्यो युनिटाचा दहावा भाग हाय. पुस्तकात हाय आमच्या."

आबा हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. "म्हंजे लेका, तीन वर्सं तू आमाला दसपट वीज जाळाय लावलीस की! आणि मी त्या आफिसात जाऊन भांडून आलो!" आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. त्यात कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. पण त्या महिन्यात बिल आलं तेव्हा आबांनी ते माझ्याकडे न देता सरळ तिच्यापुढे धरलं. तिने ते उभ्याउभ्या, वेणीचं टोक दातात धरून, एका श्वासात वाचलं. उजेडाकडेही धरलं नाही. गुळाचा पहिला तुकडा त्या दिवशी तिच्या हातावर पडला. तिने तो मोडून निम्मा मला दिला. मी तो खाल्ला नाही. मोरीत टाकला.

हेवा मोठ्या गोष्टींचा वाटतो असं लोकांना वाटतं. माझा हेवा फार बारीक होता. रविवारी मटण असायचं. तांबड्या रश्श्यातली नळी आजवर माझ्या ताटात यायची, ती आई तिच्या ताटात टाकू लागली, "पोरगी अभ्यास करतीया" म्हणून. ती नळी ताटावर आपटून आतला गर काढायची तो टक् टक् आवाज मला अजून ऐकू येतो. आबा कामावरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "सुमे, आज किती?" आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेला आकडा सांगायची. रोज सकाळी ती स्टुलावर चढून मीटर वाचायची. दोघांचा तो एक खेळच झाला होता. त्या खेळात मला जागा नव्हती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळत होतो, एकदा तर गोलही मारला होता; पण "आज किती?" असं मला कुणी विचारत नव्हतं.

आता रेघेबद्दल सांगायला हवं. तेव्हा पहिल्या तीस युनिटांना कमी दर होता आणि त्याच्या पुढच्यांना जास्त. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, माझ्या आठवणीत तीस आहे. आबा त्याला रेघ म्हणायचे. त्यांची पक्की समजूत होती की रेघेवर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्याच्या सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. ही समजूत त्यांनी गुळाच्या सौद्यातून आणली होती. तिथे ढिगातला एक रवा फोडून बघतात. तो काळा निघाला की सगळ्या ढिगाचा भाव पडतो, मग बाकीचे रवे सोन्यासारखे पिवळे असोत. आबांनी उभं आयुष्य हे बघितलं होतं. विजेचं तरी वेगळं कसं असेल?

सुमाक्काने त्यांना मोरीपाशी नेऊन घागर आणि कळशी पुढे ठेवली. "ह्ये बघा मामा. ही घागर म्हंजे पयली तीस युनिटं. भरली. आता वरचं पानी ह्या कळशीत पडणार. म्हाग काय? कळशीतलं. घागरीतलं पानी काय म्हाग झालं व्हय?"

"पोरी, सौद्याला आलीस का कधी?"

"सौद्याचं न्हवं हो मामा, विजेचं सांगतोय मी."

"भाव म्हंजे भाव. त्यो तुकड्या-तुकड्यानं नसतोय."

मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मला तिचं पटलं होतं. घागर बघितल्याबरोबर पटलं होतं आणि ते आपल्याला कधी सुचलं नाही याचा राग आला होता. आबांना मात्र पटलं नाही, पण त्यांना तो वाद फार आवडला. शेवटी ती म्हणाली, "मामा, तुमचं खरं असू दे न्हाईतर माझं. मी रेघ वलांडूच देत न्हाई. वलांडली तर दुसऱ्या दिवशी कोडोलीची एस्टी धरतो. बास?" आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सौद्यात जुने लोक करतात तसा तिच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली तिची बोटं दाबली. तसा दिलेला शब्द बाजारात कुणी फिरवत नाही. दोघं हसत होती. माझ्या हातावर आबांनी कधी टॉवेल टाकला नव्हता.

सहा-सात महिने तिने रेघ सांभाळली. तिच्या अभ्यासाचा दिवा धरूनही बिल कधी सत्तावीस, कधी अठ्ठावीस. ती रेडिओ बंद करायची, आई नको म्हणत असताना पुढच्या खोलीतला दिवा काढून पंचवीस वॅटचा लावायची. मग माघ संपता संपता आमच्या संघाच्या स्पर्धा आल्या आणि कुणीतरी म्हणालं की सगळ्यांचे शर्ट इस्त्री केलेले पाहिजेत. मी म्हणालो, मी आणतो करून. हे मी चांगल्या मनाने म्हणालो होतो, एवढं तरी खरं आहे. माझं कॉलेज सकाळचं. आबा शाहूपुरीला, सुमाक्का साडेदहाला जायची ती पाचला यायची. आई दुपारी शेजारच्या बोळात मिरची कांडायला जायची आणि चारला लाल डोळ्यांनी परत यायची. दुपारचं घर माझं एकट्याचं होतं.

पहिल्या दिवशी शर्ट झाल्यावर मी सहज दारातल्या मीटरकडे बघितलं. काचेच्या आत एक चकती असते, तिच्यावर एक काळी खूण. एरवी ती खूण दुखऱ्या पायाच्या माणसासारखी हळूहळू फिरायची. त्या दुपारी ती भिरभिरत होती. मी इस्त्रीची वायर काढली, ती मंदावली. पुन्हा लावली, पुन्हा भिरभिरली. मी किती वेळ तिथे स्टुलावर उभा होतो, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्री करायला दोनच शर्ट होते. ते झाल्यावर मी इस्त्री फरशीवर उभी करून ठेवली आणि बंद केली नाही. तिसऱ्या दिवशी शर्ट नव्हताच. पुढचे तीन आठवडे मी रोज दुपारी इस्त्री उभी करून लावायचो, शेजारी पुस्तक घेऊन बसायचो आणि तापलेल्या लोखंडाचा वास घेत कॅलेंडरवरचे आकडे तिच्या हिशोबाबाहेर पळताना बघायचो. तिला गावाला घालवायचं असं मी मनात शब्दांनी म्हणालो नव्हतो. तिचं चुकावं, एकदा तरी आबांनी तिला हसावं, एवढंच. पण टॉवेलाखालचा शब्द मी विसरलो होतो असं मी म्हणणार नाही.

मधेच एक दिवस तिने कॅलेंडरवर लिहायचं थांबवलं. आबांनी विचारलं तर म्हणाली, "परीक्षा जवळ आलीया मामा, ध्यानात ऱ्हात न्हाई." मला वाटलं, घाबरली. मला बरं वाटलं.

बिल आलं ते दुपारी, आणि आबा नेमके ताप आला म्हणून घरी होते. सुमाक्का कॉलेजात. नऊ-साडेनऊ रुपयांचं बिल एकोणीस रुपयांवर गेलं होतं. एवढा आकडा आबांनीही ओळखला. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. कितीतरी महिन्यांनी दिला. मी पाटावर बसलो, उजेडाकडे धरला. युनिटं त्रेपन्न होती. तिच्या अभ्यासाचा चाळीस वॅटचा दिवा पहाटेपर्यंत जाळला तरी एवढी वाढ होत नाही, हे मला कळत होतं. हेही कळत होतं की 'त्रेपन्न' हा आकडा उच्चारला तर आबांनाही कळेल. दिव्याचं काम नव्हे, दुसरंच काहीतरी जळलंय.

"किती गेलंय वर?" आबांनी विचारलं.

"गेलंय रेघेवर," मी म्हणालो.

"थोडं का लई?"

"थोडंच."

आबा अंथरुणात उठून बसले. "मग एकोणीस कशानं? म्हंजे माझंच खरं की. थोडं वर गेलं आणि सगळ्याला वरचा दर लागला. तू शिकल्याला हायस, तू सांग. हिचं खरं का माझं?"

आयुष्यात मला कुणी एवढ्या विश्वासाने काही विचारलं नसेल. घागर आणि कळशी मोरीत तिथेच होती, मला दिसत होती.

"तुमचं," मी म्हणालो.

आबा खूश व्हायला हवे होते. ते खूश झाले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "तरीच पोरीनं लिवायचं बंद केलं," एवढंच म्हणाले. खिशात गूळ नव्हता. असता तरी मिळाला नसता असं वाटतं.

संध्याकाळी ती आली. आबांनी तिला कागद दिला आणि झालेलं सांगितलं. ते चिडले नव्हते, हेच जास्त वाईट होतं. "रुपयं जाऊ देत सुमे. पर तुला ठावं हुतं आणि तू झाकलंस." तिने बिल वाचलं. पहिल्यांदाच तिला वाचायला वेळ लागला. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी बूट पुसत होतो. आई म्हणाली, "आवं, पोरीची परीक्षा महिन्यावर आलीया." आबा तिच्या "चुकलं मामा, ऱ्हाऊ द्या" ची वाट बघत होते हे आज मला स्वच्छ दिसतं. ती म्हणाली, "शब्द दिलाय मामा. उद्या जातो." दोघं एकाच रक्ताची. आईने भाकरी थापली ती कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला मी गेलो. पेटी, वळकटी आणि लोणचं संपलेली बरणी, आईने तीत कांदा-लसणाची चटणी भरून दिली होती. ती खिडकीशी बसली. गाडी वेळेवर लागली होती, पण ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. कुणीतरी म्हणालं, तो चहाला गेलाय. शेंगावाला फेऱ्या मारत होता. मी खिडकीखाली उभा. ती मला म्हणाली, "दिन्या, काय ऱ्हायलंय का?"

मी पेटीकडे बघितलं, वळकटीकडे, बरणीकडे.

"न्हाई," मी म्हणालो.

ती परत आली नाही. परीक्षेला ये-जा करायची गोष्ट तिच्या वडिलांनी कानावरच घेतली नाही. मामानेच परत धाडली म्हटल्यावर त्यांना बोलायला आयतं सापडलं. वैशाखात तिचं लग्न झालं, वारणेकाठच्या एका गावात, दहा म्हशींच्या घरात. आबा तिच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी उभे राहिले आणि तिने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाने डोळे पुसले. बिल पुन्हा मीच वाचू लागलो. पुढे आबांनी गूळ आणला, तुकडाही दिला. मी तो खायचो. वर्षानुवर्षं ते लोकांना सांगायचे, "रेघ वलांडली की सगळं बिल पेटतंय, आमच्या पोरानं वाचून दावलंय." मी तिथेच बसलेला असायचो. पुढे बिलं मराठीत यायला लागली, मागे टप्पे आणि दर छापून यायला लागले. एकदा ते कागद उलटा करून चष्मा लावून वाचू लागले तेव्हा मी समोरच बसलो होतो. त्यांनी बराच वेळ वाचलं, घडी घातली, खिळ्याला अडकवलं. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत विचारता आलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

आबा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी सुमाक्काच्या गावी गेलो. मास्तरीण ती झाली नव्हती. गावातल्या दूध संस्थेत सचिव होती, केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात. संध्याकाळचं संकलन चाललं होतं, रांग लागली होती. "आलास व्हय? बस त्या खुर्चीत. ही रांग संपू दे," म्हणाली आणि एका म्हाताऱ्याच्या कॅनमधून नमुना घेऊन फॅट काढू लागली. आकडा बघून म्हणाली, "म्हातारबा, म्हशीला पानी पाजताय का दुधाला?" रांगेत हशा पिकला. म्हातारा म्हणाला, "म्हशीलाच, बाई. तिनं कुठं सांडलं आसल तर ठावं न्हाई." तिने वहीत दर लिहिला.

मला वाटलं, ही रांग संपेपर्यंत थांबलो तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही. मी उठून तिच्या टेबलापाशी गेलो. "सुमाक्का, त्या महिन्यात दुपारी इस्त्री मी लावून ठेवत होतो."

"ठावं हाय की," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "जाताना मीटर बघत हुतो, आल्यावर बघत हुतो. मधल्या येळेत पळायचं. दुपारचं घरात कोण असायचं?"

"मग बोलली नाहीस का?"

"मामाच्या घरात ऱ्हाऊन मामाच्याच पोराला चोर म्हणू?" तिने पुढच्या कॅनचा नमुना घेतला, नळी उजेडाकडे धरली. मी बिल धरायचो तशी. "हितं मामाचंच खरं असतंय बघ. फॅट कमी लागली की सगळ्या कॅनाचा दर पडतोय. मामा हितं पायजे हुतं." ती थोडी हसली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी बिलावरून बघितलं होतं तसं.

"आणि 'काय ऱ्हायलंय का' म्हणून इचारलं हुतं की तुला, खिडकीतनं. गाडी ईस मिंटं हुभी हुती."

मग तिने माझ्या मागच्या माणसाच्या कॅनसाठी हात पुढे केला, आणि मी बाजूला झालो.